थांबण्याचा आकडा

नायमेखनला, नदीकाठच्या कारखान्यात
विब्रेन हूकस्त्राने वीस वर्षं
चिपांच्या अंगावर सुया टेकवल्या.
चिपा लहान होत गेल्या,
त्याची बोटं तेवढीच राहिली.
मग एका फेब्रुवारीत,
वाल नदी गोठता गोठता राहिली त्या साली,
त्याने सुया डबीत ठेवल्या,
चिपच्या पायापायांतून एक वाट काढली
आणि या टोकाने एकच 'एक' आत सोडला.
त्या टोकाला निघाला, तर ठीक.
नाहीतर कुठे हरवला ते मोजायचं.
"दुखतं कुठे, तिचं तिनेच सांगावं," म्हणाला.

जाळ्याची युक्तीही त्याचीच:
दोन यंत्रं एकदम बोलली
की दोघांनी गप्प व्हायचं,
मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा बोलायचं.
मनाला म्हणजे, फासा पडेल तेवढं;
यंत्राला मन कुठलं.

पेटंटांच्या चौकटी जिन्यात आहेत, वाकड्या.
सीत्स्के धूळ पुसते, वाचत नाही.

काल जेवताना दोघं एकदम बोलायला गेले,
एकदम थांबले.
वाटाण्याच्या सूपवर साय धरली.
तो आकडे मोजत होता, सवयीने.
सातावर होता,
तेव्हा ती म्हणाली,
"दवाखान्यातून फोन आला होता."