सहाच्या खाली

अंगठा. डावा. त्याच्यावर पांघरूणसुद्धा नको.
त्या पहाटे निफाडला पारा पाचावर होता
आणि सिडकोतल्या घरात मी पाय उघडा टाकून
बंद पंख्याकडे बघत होतो,
तो चुकून फिरेल या भीतीने.

प्रमिला म्हणाली, मुरगळला असेल.
झोपेत कोण मुरगळतं?

रिपोर्टवर आठ पॉइंट नऊ.
सातपूरच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मायक्रोमीटर धरून उभा होतो मी.
दोन मायक्रॉन जास्त की जॉब बाजूला,
लाल खडू, पुढचा आण.
स्वतःला लाल खडू कुठे मारायचा
हे काही शिकलो नव्हतो.

डॉक्टर क्षेमकल्याणींनी कागदावर सुया काढल्या.
"पावणेसातच्या पुढे हे रक्तात नीट विरघळत नाही.
मग गार जागा शोधतं आणि बसतं."
एवढं मला लगेच कळलं.
कूलंटच्या टाकीच्या तळाशी
असाच बसायचा गाळ,
सुट्टीनंतर, मशीन थंड असताना.

त्याआधी वर्षभर
बच्छावच्या सांगण्यावरून मटकी सोडली होती मी.
रविवारी सगळे मिसळीवर तुटून पडायचे,
मी दही-पाव खाणारा त्यागमूर्ती,
आणि वर दोन बाटल्या, थंड, गोड, फसफसत्या,
कारण एवढा त्याग केल्यावर माणसाला काहीतरी हवंच.
डॉक्टर हसले नाहीत.
"मटकी खा. बाटली सोडा."

गोळी सुरू झाली
आणि तिसऱ्या आठवड्यात उजवा अंगठा पेटला.
आकडा उतरत होता, मी ओरडत होतो.
फोनवर म्हणाले, "साठलेलं सुटायला लागलं की होतं असं.
गोळी बंद करू नका."
बरोबर आहे. गंज खरवडताना
पत्रासुद्धा किंचाळतो.

उन्हाळ्यात पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागलो.
मग पन्नास पायऱ्या. मग शंभर, दम खात,
खाली हायवेवरचे ट्रक मोजत.
आठ-नऊ, सात-चार, सहा-एक, पाच-सात.
वहीत तारखेसह लिहिलं, खाली सही केली.
तपासणारा आणि तपासलेला एकच माणूस,
हे कंपनीत कधी चाललं नसतं.

मग बाकीचे आकडेही हलले.
उपाशीपोटीची साखर एकशे अठराची एकशे चार.
ट्रायग्लिसराइड. वरचं प्रेशर. पट्ट्याचं एक भोक.
सोनोग्राफीवाली म्हणाली, लिव्हरवरची चरबी
थोडी कमी दिसतेय,
"थोडी"वर जोर देऊन.

मी विचारलं, हे सगळं युरिक ॲसिड उतरल्यामुळे?
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"गोळी, बाटली, पायऱ्या, सहा किलो वजन.
तुम्ही चार गोष्टी एकदम बदलल्यात.
कशाने काय झालं ते मी सांगू शकत नाही.
यावर अजून आमच्यातच वाद आहेत."

मी गप्प बसलो. नियम माझाच होता.
नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो,
एका वेळी एकच सेटिंग हलवा रे,
नाहीतर जॉब बरोबर येईल
आणि का आला ते कळणार नाही.
तुषार निमसे नावाच्या पोराने विचारलं होतं,
"पण सर, बरोबर आला ना?"
त्याला मी शिफ्टभर उभा केला होता.
आता अंबडला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे.
नंबर मिळवलाय. फोन करीन म्हणतो,
करीन म्हणतो, दोन महिने झाले.

यंदा फेब्रुवारीत भाच्याने ओझरहून
द्राक्षांची पेटी पाठवली.
प्रमिलाने वाटीत मोजून बारा मणी ठेवले,
टूलरूममध्ये बेअरिंगचे छर्रे ठेवावेत तसे.
एकेक करून खाल्ले मी, सालीसकट, सावकाश.
तेराव्याकडे हात गेला
तेव्हा तो तिच्या तोंडात होता,
आणि ती माझ्या पायाकडे बघत होती.