हवा खाते

इस्तापालापात आभाळ निळंशार.
धूर नाही, काही नाही.
तरी शाळेनं मधल्या सुट्टीत पोरं वर्गातच कोंडली,
रेडिओ म्हणतो, उन्हानं ओझोन चढलाय.

एलेउतेरिओ पंक्चरवाला रेडिओला विचारत नाही.
खिळ्याला टांगलेले नवे टायर बघतो,
रस्ता न पाहिलेले,
तरी टाचेसारख्या भेगा पडलेले.
'लोक हवा खायला निघतात,' म्हणतो,
'आमच्या मेक्सिकोत हवाच खाते.'

ट्यूब पाण्यात फिरवायची,
बुडबुडा दिसला की तिथं बोट.
एवढंच त्याचं शास्त्र.

रात्री सितलालीच्या छातीत बारीक शिट्टी वाजते.
दिवा न लावता तो
तिच्या बरगड्यांवरून तळहात नेतो,
सोल्यूशनचा वास न गेलेला,
हळूहळू,
कुठून जातेय ते चाचपत.