अर्धा दिवस, दोहा

सकाळी आठला बिल्डिंगखाली पांढरी गाडी आली,
फक्त माझ्यासाठी.
उन्मेषला सुटी मिळेना म्हणून त्यानंच ठरवलेली.
सुनेनं पिशवीत शाल कोंबली, गाडीत एसी फार असतो म्हणून.
गाइडचं नाव डंबर, नेपाळातल्या पाल्प्याचा.
मी दोनदा विचारलं, डांबर नाही ना रे?
तो हसला,
एकपर्यंत आपलं जमेल, असं हसला.

समुद्राला धरून रस्ता वळत गेलेला,
इतका स्वच्छ की चपला हातात घ्याव्यात.
पलीकडं काचेचे मनोरे.
डंबर मजले सांगायचा
आणि मी मान वर करून करून पदर सावरायची.
लाकडी गलबतं बांधून ठेवलेली,
दुपारच्या म्हशी बसतात तशी.
मासळीचा वास कुठं गेला, विचारलं.
'रात को धोते हैं,' म्हणाला.
खरं की खोटं, त्यालाच ठाऊक.

मग एक भला मोठा शिंपला, दगडी,
आत टेम्पोएवढा मोती.
डंबरनं स्वतःचं नाक चिमटीत धरलं
आणि तसाच, नाकात बोलत सांगू लागला:
पाणबुडे असा चिमटा लावायचे, कासवाच्या पाठीचा.
पायाला दगड. कमरेला दोर.
श्वास संपला की दोराला हिसका.
वर होडीत एक माणूस बसलेला,
त्यानं दुसरं काही करायचं नाही,
गप्पा नाहीत, तंबाखू नाही,
नुसता दोर धरायचा.

माझा हात नाकाकडं गेला.
भोक अजून बुजलेलं नाही.

सासूबाईंची नथ होती, सात मोत्यांची. बसऱ्याचे मोती.
बसरा म्हणजे कुठलं गाव, कधी विचारलं नाही,
मला ते सराफाचंच आडनाव वाटायचं.
उन्मेषच्या एजंटचे पैसे भरायचे होते
तेव्हा ती घेऊन कोल्हापुरात गुजरीत गेले.
सराफानं भिंग लावलं, काढलं,
म्हणाला, मोती घामानं पिवळे पडलेत वहिनी,
हे धरता यायचे नाहीत.
तारेच्या सोन्याचे पैसे दिले.
मोती त्याच्या गादीवर राहिले.
मीच म्हणाले, राहू द्या.

पुढं ते बेट. नावच मोती.
जिथं बुड्या मारायचे तिथंच भराव टाकून केलेलं.
दारात बुलेट लावावी तशा बोटी लावलेल्या,
गुलाबी-पिवळ्या घरांमधून कालवे,
आमच्या पाटबंधारे खात्याला एकदा दाखवावेत असे.
एका दुकानात काचेमागं मोती होता.
एकच. पिवळसर.
जुना आहे, इथल्याच पाण्यातला, डंबर म्हणाला,
रंगावरूनच कळतं.
मी खालची शून्यं मोजली.
परत मोजली, बोटांवर.
बावीसनं गुणलं
आणि त्या थंडगार दुकानात अशी हसत सुटले
की काउंटरवरची पोरगी पाणी घेऊन धावली.

परतताना शाल पांघरली.
पहिली चार वर्षं उन्मेष शुक्रवारी फक्त रिंग द्यायचा.
उचलायचा नाही फोन, पैसे पडतात.
एक रिंग म्हणजे बरा आहे.
दोन म्हणजे पैसे पाठवलेत.
गडहिंग्लजच्या घरात मी फोनपाशी बसून असायची,
शेंगासुद्धा न फोडता,
आवाजात रिंग हुकेल म्हणून.

एकला दहा कमी असताना डंबरनं दार उघडून धरलं.
उरलेला अर्धा दिवस त्याचा दुसऱ्या कुणाला विकलेला,
विमानतळावर पार्टी उतरायची होती.
त्याला म्हटलं, घरी फोन करतोस ना रे?
'रोज, व्हिडिओवर,' म्हणाला, आणि गेला.

लिफ्टमध्ये जायच्या आधी
मी उन्मेषचा नंबर लावला,
एक रिंग होऊ दिली, ठेवला.
श्वास घ्यायच्या आत त्याचा फोन:
काय झालं आई? बरी आहेस ना?

काही नाही रे.
दोर ओढून पाहिला.