सावलीतला आकडा

शाळेमागच्या आवारात, तारेच्या कुंपणात
चार वर्षांपासून उभं आहे ते यंत्र.
पांढऱ्या थाळ्यांची उतरंड, वर गरगरणाऱ्या तीन वाट्या.
महिन्याला अठराशे रुपयांत
त्याच्यावरची चिमण्यांची घाण पुसतो मी, चुडामण कोळी.
कुलपाची किल्ली माझ्या करदोट्याला.

यंत्र बोलत नाही.
दर दहा मिनिटांनी कुठेतरी लांब कळवतं
आणि तिथून फिरून आकडा येतो गावाच्या मोबाइलवर:
चव्वेचाळीस पूर्णांक आठ.

विम्याच्या कागदात लिहिलंय पंचेचाळीस, सलग पाच दिवस.
चार दिवस भरले होते.
पाचव्या दिवशी पॉइंट दोन कमी पडलं.
बागेत घड मानेतून मोडून लोंबत होते,
केळीची पानं हात लावला की पापडासारखी वाजत होती,
आणि अख्खं गाव पॉइंट दोनसाठी माझ्या कुंपणाशी.

कुणी म्हणालं, ओलं फडकं टाकलं असशील रे तू.
कुणी हळूच म्हणालं, थाळीखाली एक काडी ओढ, कोण बघतंय.
घनःश्याम चौधरींनी तर हात जोडले,
मला नाही, यंत्राला.
किल्ली टोचत होती कमरेला.

मग पांढरी गाडी आली. मतदान तेरा दिवसांवर.
एसी चालू ठेवूनच ते उतरले,
म्हणाले, निवडून द्या, मर्यादा चव्वेचाळीसवर आणतो.
संध्याकाळी दुसरे आले, त्रेचाळीस म्हणाले.
उलटा लिलाव.
भाषणात ऊन भराभर उतरत होतं,
मंडपाच्या बांबूला मात्र हात लावता येत नव्हता.

सायराबाई तडवी तेव्हा तिथून चालली होती,
काखेत चुंबळ, घड वाहून वाहून मान आत गेलेली.
आता दिवसा बागेत कुणी टिकत नाही,
म्हणून या बाया रात्री दोनला निघतात
कपाळाला बॅटरी बांधून,
आणि दिवसा झोपतात पत्र्याखाली,
म्हणजे झोपत नाहीतच.
विम्याच्या कागदात त्यांच्यासाठी ओळ नाही.

तिनं तारेतून बोट आत घातलं.
"ह्या थाळ्या कायले लावेल हायेत रे याले?"

सावलीसाठी, काकू, मी म्हणालो.
उन्हात ठेवलं तर आकडा खोटा येतो.
सगळ्या जगात असाच नियम आहे.

ती थांबली.
भाषण करणारेही थांबले, पण ते पाणी प्यायला.

"म्हंजे उन्हात जे हाये, ते खोटं?"

जळगावला एक दिवसाचं प्रशिक्षण झालंय माझं.
चहा, दोन समोसे, प्रमाणपत्र.
तिथे हे कुणी विचारलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी मंडप होता पहिल्या वीस जणांपुरता.
एकविसावी सायराबाई, रात्रपाळी करून आलेली.
रांग हलेना.
ती हळूहळू सरकत कुंपणाशी आली
आणि खांबाच्या सावलीत बसली,
चार बोटं रुंद सावली, त्यात एक खांदा मावला.
मी कुलूप काढलं. नियमात बसत नाही ते.
आत ये म्हटलं, माठ आहे माझा.
शाई लावून परतली तेव्हा
दुसऱ्या हातानं ते बोट झाकून धरलं होतं तिनं,
भाजल्यावर धरतात तसं.

आठवड्याच्या बाजारात, यावल रोडला,
एकशे वीस रुपयांचा तापमापक मिळाला.
तिच्या घराच्या पत्र्याच्या दाराला टांगला मी,
पश्चिमेकडे तोंड करून, उघड्यावर,
जसा कुणीच टांगत नाही.
आणि शंभरपानी वही केली.
निकाल लागला, गुलाल उधळला, मर्यादा आहे तिथेच आहे,
वही मात्र अठ्ठावीस पानं भरलीय.

सायराबाईला वाचता येत नाही.
दिवस कलला की चुंबळ झटकत विचारते,
"आज खोटं कितीक रे, चुडामण?"

बावन्न, काकू.

"मंग बरं हाये," ती म्हणते,
"कालच्याहून एकानं कमी."