एकास शंभर

आकडे मीटरात भरले,
युनिट राहिलं मिलिमीटर.
अशोक चौकातल्या प्लॉटरमधून
कोरा कागद सरकत आला,
मधोमध एक ठिपका.
राजव्वा चिट्याल वाकून म्हणाल्या,
"माशी बसलीय काय ओ?"

हजारपट केलं. एकास शंभर.
आता घर सहा सेंटिमीटर.

पिशवीतून त्यांनी पान कापायचा पत्रा काढला,
नकाशावर ठेवला.
खोली, मोरी, जिना, सगळं झाकलं.
"पानाएवढंच हाय की!
मग विड्या वळायला मी बसू कुठं?"

खिडकीपाशी मी सूप काढलं:
अठरा इंची, म्हणजे कागदावर साडेचार मिलिमीटर.
महापालिकेच्या नकाशात सूप चालत नाही,
म्हणून ते वेगळ्या लेयरवर,
प्रिंट बंद.

फाईल उघडली की
दिसतं.