सत्तरचा पुडा

केशोरीच्या रस्त्याला, लाकूडडेपोच्या मागं
आमचा वृद्धाश्रम. पंधरा खाटा, एक कूलर
आणि रात्रीची मी.

हजेरीपटावर माझ्यापुढं लिहिलंय : मदतनीस, कंत्राटी.
कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे माझ्याकडं,
लॅमिनेट करून पिठाच्या डब्यामागं ठेवलेला.
गोंदियाच्या वसतिगृहात दोन उन्हाळे
संत्र्याच्या सालीत सुई टोचून हात बसवला.
इथं कुणाचा मुलगा आला की दारातून विचारतो,
"ती सुईवाली बाई कुठाय?"

दर दोन तासांनी कूस बदलायची.
अंजनाबाई उइके डावीकडं, मग पाठीवर, मग उजवीकडं.
सोमवारी माकडहाडाजवळ रुपयाएवढी जागा लाल होती,
आज आठाण्याएवढी आहे.
हे सांगायचं कुणाला?
डॉक्टर शनिवारी येतात, गाडी चालूच ठेवतात,
शेऱ्यात लिहितात : प्रकृती स्थिर.
स्थिर राहावं म्हणून
किती हलवावं लागतं माणसाला.

मे महिन्यात परिचारिका दिन झाला.
अध्यक्षांना शाल, डॉक्टरांना शाल,
मंडपवाल्यालासुद्धा एक नारळ.
ताट धरून मी उभी होते.
पेपरातल्या फोटोत माझे हात आलेत, कोपरापर्यंत.
आईनं ते कात्रण पासबुकात जपून ठेवलंय.
शेजारणीला दाखवते,
"हे पाय, अंगठ्यावर काचेचा वन आहे ना,
मायी रत्नमाला व्हय हे."

आणि खाट नंबर अकरा. आसारामजी कापगते.
चाळीस वर्षं फळीवर मुन्शी होते, तेंदूपानं मोजायचे.
आता पोरांची नावं गेली,
बायको गेली ते गेलं,
जेवलो की नाही तेही जातं दहा मिनिटांत.
मला रोज विचारतात, "तू कोन व्हस?"
मी रोज सांगते. नाव, गाव, बापाचं नाव.
"नाही बाप्पा, आठवत नाही," म्हणतात,
माफी मागितल्यासारखे.

पहाटे चारला मी त्यांचं मनगट धरते.
घड्याळाकडं बघत मनातल्या मनात मोजते,
आणि त्यांचे ओठ हलायला लागतात,
माझ्यासोबत, एकही न चुकता.
सत्तर झाले की म्हणतात,
"पुडा भरला. बांध."
कधी चार पानं जास्त होतात, मग ते रागावतात
कुण्या जुन्या बाईवर, उन्हात उभ्या असलेल्या.
"मोजनाऱ्याले झोप नसते पोरी," म्हणतात,
आणि स्वतः झोपून जातात.

त्या रात्री एकेचाळीसवर थांबले.
"एक पान फाटकं व्हतं."
माझ्या बोटांखालीही
तिथंच रिकामं लागलं होतं.
परत मोजलं. परत फाटकं. तिसऱ्यांदा दोन.
नोंदवहीत लिहिलं : चार वाजून दहा, ठोके चुकतात.
अध्यक्षांना फोन लावला. उचलला नाही.
डॉक्टरांना लावला. "शनिवारी बघू."
उजाडेपर्यंत मी तिथंच स्टूल ओढून बसले,
कूस बदलायला तेवढी उठले.

शनिवारी म्हणे डॉक्टरांनी गाडी बंद केली.
छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं,
मग विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं?"
मुन्शी म्हणाले, "फळीवर आमी दोघंच राहतो जी.
मी अन् ते मोजनारी."

मी तेव्हा घरी होते, भात टाकून आडवी झालेली.
हे दिवसपाळीच्या चंद्रकलानं सांगितलं,
डबा धुता धुता, हसत.

रात्री मी गेले. नवी गोळी दिली, पाणी दिलं.
"तू कोन व्हस?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलले नाही.
मनगट हातात घेतलं.