किंवा

मायेल म्हणतो, आई, चेक घेणं आता बंद कर.
कार्ड घे, नाहीतर थेट खात्यात मागव,
फोन टिंग वाजला
की मगच किल्ली दे पाहुण्याच्या हातात.

त्याला ल मानचं ते जोडपं आठवतं.
मलाही आठवतं.
बाईच्या गळ्यात रेशमी रुमाल, नवऱ्याचे बूट कोरे,
सात दिवस माझ्या खेकड्यांची तारीफ,
निघताना गालाला गाल,
आणि दहाव्या दिवशी बँकेचं पत्र:
वटला नाही.
सहाशे चाळीस युरो.
त्या वर्षी छपराच्या पाट्या बदलायच्या राहिल्या.
हिवाळाभर पोटमाळ्यावर बादली,
आणि रात्री अंथरुणात पडून मी ऐकायची
ती तारीफ, थेंब थेंब.

म्हणजे मी भोळी नाही.
ओदिएर्नच्या मासळी लिलावात
एकवीस वर्षं कारकुनी केली आहे.
कोणाचा कागद नुसता कागद
आणि कोणाचा शब्द,
हे मला वासावरून कळतं,
असा माझा समज होता. ल मानपर्यंत.

तरीही.

खात्यात आलेल्या पैशाला अक्षर नसतं.
नॅन्सीच्या तुवनँ साहेबांचं अक्षर मी अकरा वर्षं ओळखते.
फेब्रुवारीत पाकीट, निळी शाई.
ऐंशीला इथे चार विसाच म्हणतात,
तो आकडा अक्षरांत लिहिताना
त्यांचं पेन दर वर्षी थबकायचं.
शाळेत कोणीतरी रागावलं असावं.

चेक दोन. एक भाड्याचा.
दुसरा अनामतीचा, तो वटवायचा नाही,
बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचा
आणि शनिवारी घर बघून परत करायचा.
ते माझ्यासमोर त्याचे चार तुकडे करत
आणि कोटाच्या खिशात घालत.
‘तुमच्या घरी कचरा कशाला.’
यूगेत बाई गाडीतून भोंगा वाजवत असत.

गेल्या सप्टेंबरात शनिवार आलाच नाही.
गुरुवारी पहाटे तीनला रुग्णवाहिका आली,
मागोमाग बाई, पायात घरातल्याच सपाता.
मी नंतर जाऊन दिवे मालवले.
स्वयंपाकघरात निळी किटली फुटून पडली होती.
डब्यात अनामत तशीच.

मायेल म्हणाला, वटव. हक्क आहे तुझा.
हक्क होता, खरंच.
इथे चेक एक वर्ष आठ दिवस जगतो.
मी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली,
मग खोडली,
मग खोडलेलं दिसतंय म्हणून
ते पानच उलटून टाकलं.

या फेब्रुवारीत पाकीट आलं.
अक्षर वेगळं, उजवीकडे कललेलं, घाईचं.
आत दोन चेक, त्याच जुन्या चेकबुकातले.
वर छापलेलं: श्री. किंवा सौ. तुवनँ.
अकरा वर्षांत तो ‘किंवा’ मी वाचला नव्हता.

यूगेत बाईंनी लिहिलं होतं:
या एका शब्दामुळे बँकेने खातं गोठवलं नाही.
किटलीचे पैसे जुन्या अनामतीतून घ्या.
समुद्राकडची खोली नको, मागची द्या.
चेकबुकात अजून सात पानं आहेत,
ती संपेपर्यंत येईन म्हणते.

दुपारच्या बसने ओदिएर्नला गेले.
खिडकीवरच्या पोरीने भाड्याचा चेक घेतला,
पाठीमागे माझी सही घेतली,
आणि डब्याकडे बघून विचारलं, बाकीचे?
म्हटलं, ते नाहीत द्यायचे.
बाहेर येऊन, बंदराच्या वाऱ्याला पाठ करून,
जुन्या अनामतीचे चार तुकडे केले
आणि माझ्या कोटाच्या खिशात घातले.

रात्री मायेलला फोन केला.
तुझंच बरोबर, म्हटलं. नव्या लोकांना कार्डच.
तो खूश झाला. जुन्यांचं त्याने विचारलं नाही.

मग कारकुनी सवयीने हिशेब करत बसले.
सात पानं. वर्षाला दोन.
एक पान उरतं.